संगणकाची कसोटी

व्याकरणाच्या तासाला 'संकेतार्थी वाक्य' हा भाग आमच्या विद्यार्थ्यांनीं शिकलेला आहे. "पाऊस पडला तर पेरणी होईल," या वाक्यांत दोन गोष्टी आहेत : एक अट आणि दुसरा तिचा परिणाम. अट पुरी झाली तर परिणाम घडावयाचा, नाहीं तर नाहीं. पलूसच्या परिसरांतील शेतकरी दिवसभर याच व्याकरणानें चालतो. पहाटे धुकें दाटलें तर द्राक्षबागेवर औषध फवारावें. वीज आली तर मोटर सुरू करावी. उसाला तोड मिळाली तर बाकीचीं कामें बाजूस ठेवावीं. मनुष्य असें वाक्य बोलतो तेव्हां अट तपासण्याचें काम तो डोळ्यांनीं, अनुभवानें व तारतम्यानें करतो. परंतु तेंच काम संगणकाकडे सोंपविलें, तर तो अट कशी तपासतो? तारतम्य तर त्याच्यापाशीं मुळींच नाहीं. या प्रश्नाचें उत्तर युनिक्स नांवाच्या प्रणालींतील 'टेस्ट' या लहानशा आज्ञेंत सांपडतें, आणि तीच आज विद्यार्थ्यांस समजावून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. सुज्ञ पालकांनींही हा पाठ मुलांबरोबर वाचावा अशी आमची विनंती आहे. कारण याचा शेवट आपणां सर्वांच्या ओळखीच्या कृष्णाकांठीं होणार आहे.

शेल म्हणजे काय?

युनिक्सचा जन्म अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं झाला. केन टॉम्प्सन व डेनिस रिची हे तिचे मुख्य कर्ते. आज घरोघरीं असलेल्या अँड्रॉइड फोनच्या पोटांत जें लिनक्स आहे, तें युनिक्सच्याच वळणावर घडलेलें आहे. तेव्हां हा विषय परका आहे असें कोणीं समजूं नये. या प्रणालींत मनुष्य व यंत्र यांच्यामध्यें एक दुभाषी उभा असतो. त्यास शेल म्हणतात. आपण एक आज्ञा लिहावी, शेलनें ती वाचून योग्य तो कार्यक्रम चालवावा, आणि तो संपतांच पुढील आज्ञेकडे वळावें, असा हा व्यवहार आहे. त्याच त्या आज्ञा रोज लिहावयाच्या असतील तर त्या एका फाइलींत ओळीनें लिहून ठेवतात. अशा फाइलीस शेल स्क्रिप्ट म्हणतात. आम्ही तिला 'आज्ञालेख' म्हणूं. स्टीफन बोर्न यांनीं लिहिलेला शेल १९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर आला, आणि 'टेस्ट' ही आज्ञाही त्याच आवृत्तींत आली. ब्रायन फॉक्स यांनीं लिहिलेला व १९८९ सालीं प्रसिद्ध झालेला बॅश हा शेल आज पुष्कळ ठिकाणीं वापरांत आहे. खालीं जें सांगितलें आहे तें बॅशला धरून सांगितलें आहे.

या लेखांतील आज्ञा देवनागरी अक्षरांत छापल्या आहेत. यंत्रासमोर बसल्यावर त्या रोमन लिपींत व इंग्रजी अंकांत लिहाव्या लागतात, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

निकालांक

शेलमधील 'जर'ला 'इफ' म्हणतात. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, इफ स्वतः अट तपासतो. तसें नाहीं. इफला खरें काय नि खोटें काय हें कळत नाहीं. त्याला एवढेंच ठाऊक असतें कीं, आपल्यापुढें जी आज्ञा लिहिली आहे ती चालवावयाची, आणि ती संपतांना मागें कोणता अंक ठेवते तें पाहावयाचें. युनिक्समधील प्रत्येक आज्ञा संपतांना ० ते २५५ यांमधील एक अंक मागें ठेवते. त्यास आम्ही 'निकालांक' म्हणतों. शून्य म्हणजे काम यशस्वी झालें. शून्याव्यतिरिक्त कोणताही अंक म्हणजे झालें नाहीं.

परीक्षेंत शून्य मिळालें तर घरीं काय होतें हें मुलांस सांगावयास नको. मग येथें शून्याला एवढा मान कां? त्याचें कारण साधें आहे. काम बरोबर होण्याची एकच तऱ्हा असते, परंतु बिघडण्याच्या तऱ्हा अनेक असतात. फाइल सांपडली नसेल, वाचण्याची परवानगी नसेल, आज्ञाच चुकीची लिहिली असेल. म्हणून यशाला एकटें शून्य दिलें, आणि बाकीचे सारे अंक अपयशाचे निरनिराळे प्रकार दाखविण्यास मोकळे ठेवले. नुकत्याच झालेल्या आज्ञेचा निकालांक पाहावयाचा असेल तर शेलला '$?' या खुणेनें विचारतां येतें.

आतां 'टेस्ट'चें काम उघड होईल. ही आज्ञा पडद्यावर कांहीं लिहीत नाहीं, कोणतीही फाइल बदलत नाहीं. तिला एक प्रश्न विचारावयाचा, आणि तिनें निकालांकानें उत्तर द्यावयाचें. गोष्ट खरी असेल तर ०, खोटी असेल तर १, आणि प्रश्नच समजला नाहीं तर २. हीं तीन उत्तरें विद्यार्थ्यांनीं पाठ करावीं. पुढील सर्व विवेचन यांवरच उभें आहे.

आपल्या तालुक्यांतील किर्लोस्करवाडी येथें १९१० सालापासून कारखाना आहे. अशा कारखान्यांत काम केलेल्या पालकांस 'गेज' ठाऊक असतें. तयार झालेला भाग गेजमध्यें बसला तर पास, न बसला तर नापास. पण गेजच तुटलेलें असेल, किंवा हातीं भागच आला नसेल, तर काय म्हणावें? पासही नव्हे, नापासही नव्हे. "तपासणी झालीच नाहीं" एवढेंच म्हणतां येईल. टेस्टचा २ हा निकालांक नेमका हेंच सांगतो.

कसोटी लिहिण्याची रीत

टेस्ट ही आज्ञा दोन रूपांनीं लिहितात. एक, सरळ 'टेस्ट' हा शब्द लिहून. दुसरें, चौकोनी कंसांत. दुसरें रूपच अधिक प्रचलित आहे :

[ -एफ नोंदवही ]

याचा अर्थ, "नोंदवही या नांवाची साधी फाइल आहे काय?" गणितांत कंस हें केवळ चिन्ह असतें, येथें मात्र उघडणारा कंस हें खुद्द आज्ञेचें नांव आहे, आणि मिटणारा कंस हा तिला द्यावयाचा शेवटचा शब्द आहे. दोन शब्दांमध्यें जशी मोकळी जागा सोडतों तशी कंसांच्या आंतल्या बाजूंसही सोडावी लागते, ती यामुळेंच. ती न सोडल्यास शेल कंस व पुढील अक्षरें मिळून एकच नांव समजतो, त्या नांवाची आज्ञा शोधतो, आणि ती सांपडत नाहीं म्हणून तक्रार करतो.

कसोट्यांचे मुख्य वर्ग तीन आहेत.

पहिला वर्ग फाइलींचा. '-ई' म्हणजे त्या नांवाचें कांहीं तरी आहे काय. '-एफ' म्हणजे साधी फाइल आहे काय. '-डी' म्हणजे फाइली ठेवण्याचा कप्पा आहे काय. '-आर' म्हणजे ती आपणांस वाचतां येते काय. '-एस' म्हणजे ती आहे व कोरी नाहीं काय.

दुसरा वर्ग शब्दांचा. '=' या चिन्हानें दोन शब्द अक्षरशः एक आहेत काय हें पाहतात, व '!=' यानें भिन्न आहेत काय हें पाहतात. '-झेड' म्हणजे शब्द रिकामा आहे काय. '-एन' म्हणजे रिकामा नाहीं काय.

तिसरा वर्ग पूर्णांकांचा. '-ईक्यू' समान, '-एनई' असमान, '-जीटी' मोठा, '-जीई' मोठा किंवा समान, '-एलटी' लहान, '-एलई' लहान किंवा समान.

शब्दांची तुलना व अंकांची तुलना निराळ्या कां ठेवल्या, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. '५४०' व '०५४०' हे दोन शब्द म्हणून भिन्न आहेत, कारण एकांत तीन अक्षरें व दुसऱ्यांत चार. पण संख्या म्हणून ते एकच. '=' त्यांस असमान ठरवील, '-ईक्यू' समान ठरवील. कोणतें उत्तर आपणांस हवें आहे हें यंत्र ओळखूं शकत नाहीं. तें आपणच सांगितलें पाहिजे.

कृष्णेच्या पाण्याची कसोटी

आतां खऱ्या उदाहरणाकडे वळूं. सांगलीस कृष्णा नदीवर १९२९ सालीं झालेला आयर्विन पूल आहे. पावसाळ्यांत त्या पुलापाशीं मोजलेली पाण्याची पातळी साऱ्या जिल्ह्याच्या तोंडीं असते. ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी तेथें ५७ फुटांच्या वर गेलें. त्याच महापुरांत आपल्या पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें लोकांना सुखरूप स्थळीं नेणारी बोट उलटून अनेक जीव गेले. भिलवडी, अंकलखोप, आमणापूर या कृष्णाकांठच्या गांवांनीं २०१९ व पुन्हां २०२१ सालीं काय सोसलें, तें येथील मुलांनीं स्वतः पाहिलेलें किंवा घरीं ऐकलेलें आहे. तेव्हां "पातळी इतकी झाली तर अमुक करावें" हें वाक्य आपल्या भागांत केवळ व्याकरणाचें उदाहरण नव्हे.

समजा, एखाद्या विद्यार्थ्यानें पातळीची नोंद वाचून सूचना लिहिणारा आज्ञालेख करावयाचें ठरविलें. हा आम्हीं केवळ अभ्यासाकरितां कल्पिलेला लेख आहे. पुराच्या वेळीं खरी सूचना सरकारी अधिकाऱ्यांचीच मानावी. पातळी फूट व इंच यांत सांगतात, आणि टेस्टला फक्त पूर्णांक कळतात. '४४.५' असा दशांश दिला तर ती २ हा निकालांक देते. म्हणून सर्व पातळ्यांचे इंच करूं : ४० फूट म्हणजे ४८० इंच, ४५ फूट म्हणजे ५४० इंच, आणि ४४ फूट ६ इंच म्हणजे ५३४ इंच. नोंद 'इंच' या नांवाखालीं ठेवली आहे असें धरूं. नांवापूर्वीं '$' हें चिन्ह लिहिलें म्हणजे शेल त्या जागीं नोंदींतील अंक आणून ठेवतो.

पहिली सावधगिरी क्रमाची. इफनंतर दुसरी अट लिहावयाची झाल्यास 'एलिफ' लिहितात. शेल वरून खालीं जातो, व जी पहिली अट खरी ठरेल तिचेंच काम करून बाकीच्या सोडून देतो. आधीं "४८० किंवा अधिक असेल तर इशारा" असें लिहिलें व त्याखालीं "५४० किंवा अधिक असेल तर धोका" असें लिहिलें, तर ५७ फुटांचा, म्हणजे ६८४ इंचांचा पूरही पहिल्याच अटींत बसेल, आणि यंत्र नुसता इशारा देऊन स्वस्थ बसेल. धोक्याच्या ओळीपर्यंत तें कधींच पोंचणार नाहीं. यास्तव कठीण अट आधीं व सौम्य अट नंतर लिहावी.

दुसरी सावधगिरी चिन्हाची. गणितांतील '>' हें चिन्ह येथें वापरण्याचा मोह होतो. परंतु शेलच्या भाषेंत त्याचा अर्थ "आज्ञेचें लिखाण या फाइलींत ओत" असा आहे. '[ $इंच > ५४० ]' असें लिहिलें तर शेल '५४०' या नांवाची एक कोरी फाइल तयार करतो, आणि टेस्टकडे एकटा इंचांचा अंक जातो. एकटा शब्द दिला असतां टेस्ट फक्त तो रिकामा नाहीं ना एवढेंच पाहते व 'खरें' म्हणते. परिणामी उन्हाळ्यांतील ओढ्याएवढ्या पाण्यालाही यंत्र 'धोका' म्हणेल. चिन्हापूर्वीं उलटी तिरपी रेघ देऊन त्याचा हा अर्थ टाळतां येतो, पण मग तुलना शब्दकोशाच्या क्रमानें होते. शब्दकोशांत '९०' हा '५४०'च्या नंतर येतो, कारण पहिलें अक्षर ९ हें ५ च्या पुढचें. म्हणून संख्यांसाठीं '-जीटी' व '-जीई' याच खुणा वापराव्या.

तिसरी सावधगिरी सर्वांत महत्त्वाची, आणि याचसाठीं आम्हीं हा पाठ लिहिला.

कोऱ्या नोंदीचा अर्थ

मुसळधार पावसाच्या रात्रीं वीज गेली, संदेश आला नाहीं, आणि नोंदींत कांहींच लिहिलें गेलें नाहीं, अशी कल्पना करा. आज्ञालेख असा आहे : "५४० किंवा अधिक असेल तर धोका, ४८० किंवा अधिक असेल तर इशारा, एरवीं काळजीचें कारण नाहीं." या 'एरवीं'ला शेलमध्यें 'एल्स' म्हणतात. नोंद कोरी असल्यामुळें टेस्टला प्रश्नच अपुरा मिळतो. ती तक्रारीची ओळ लिहिते व निकालांक २ ठेवते. इफला २ दिसतो. २ म्हणजे शून्य नव्हे. म्हणून तो अट पुरी झाली नाहीं असें समजून पुढें जातो. एलिफचीही तीच गत होते. अखेर एल्स येतें, आणि यंत्र लिहितें, "काळजीचें कारण नाहीं."

येथें यंत्र खोटें बोललें काय? नाहीं. टेस्टनें "मला समजलें नाहीं" असेंच सांगितलें होतें. परंतु इफला १ व २ यांतील भेद दिसत नाहीं. त्याच्या लेखीं एका बाजूस शून्य व दुसऱ्या बाजूस बाकी सारें. "पाणी कमी आहे" आणि "पाणी किती आहे हें ठाऊक नाहीं" हीं दोन अगदीं भिन्न वाक्यें त्यानें एका माळेंत ओंवलीं. तो दोष लेख लिहिणाऱ्याचा, कारण त्यानें निर्धास्तपणाचें वाक्य एल्सच्या पदरांत टाकलें.

उपाय असा कीं, 'सर्व ठीक' हेंही एका स्वतंत्र कसोटीनें सिद्ध करावें, आणि एल्स हें अज्ञानासाठीं राखून ठेवावें :

इफ [ "$इंच" -जीई ५४० ]; देन
एको "धोका पातळी ओलांडली"
एलिफ [ "$इंच" -जीई ४८० ]; देन
एको "इशारा पातळी ओलांडली"
एलिफ [ "$इंच" -एलटी ४८० ]; देन
एको "पाणी इशारा पातळीच्या खालीं"
एल्स
एको "नोंद समजली नाहीं; ताबडतोब चौकशी करा"
फाय

'देन' म्हणजे तर, 'एको' म्हणजे पुढील शब्द पडद्यावर लिही, आणि 'फाय' हा इफ उलटा लिहून केलेला समाप्तीचा शब्द. खरी संख्या असेल तर ती पहिल्या तीन अटींपैकीं एकींत बसलीच पाहिजे. नोंद कोरी असो, तींत दशांश असो, किंवा कोणी मराठी अंकांत '५४०' लिहिलेले असोत, टेस्ट तिन्ही ठिकाणीं २ देईल व शेवटीं चौकशीची सूचना निघेल. संख्या नसलेली कोणतीही गोष्ट 'पाणी कमी' या ओळीपर्यंत पोंचूं शकत नाहीं.

नोंदीच्या नांवाभोंवतीं जीं अवतरणचिन्हें आहेत तीं शोभेचीं नव्हेत. तीं नसतील तर कोरी नोंद शेलच्या हातून समूळ गळून पडते. त्याचा एक चमत्कारिक परिणाम पाहा. '[ -एन $इंच ]' याचा हेतु "नोंद रिकामी नाहीं ना?" असें विचारण्याचा. पण नोंद रिकामी असतां ती गळून आंत फक्त '-एन' हा एकटा शब्द उरतो. एकटा शब्द रिकामा नाहीं, म्हणून टेस्ट 'खरें' म्हणते! रिकामी नोंद भरलेली ठरते. अवतरणचिन्हें असलीं म्हणजे रिकामा शब्दही शब्द म्हणून टेस्टपर्यंत पोंचतो व उत्तर बरोबर येतें. तशीच गोष्ट फुटांचे इंच करण्याची. शेलमधील हिशेबाच्या दुहेरी कंसांत '$' न लावतां 'फूट * १२' असें लिहिलें व फुटांची जागा कोरी असली, तर शेल तिला शून्य धरतो. मग नदी शून्य इंच होते, आणि 'पाणी कमी' हें उत्तर कसोटीस उतरूनही चुकीचें ठरतें. म्हणून हिशेबापूर्वींच '-एन' लावून नोंद आहे याची खात्री करावी. कोरें म्हणजे शून्य नव्हे.

आणखी एक मर्यादा ओळखून असावें. '-एफ'नें फाइल आहे एवढेंच कळतें. ती आजची आहे कीं कालची, हें कळत नाहीं. दोन फाइलींपैकीं कोणती नवी हें पाहण्यास '-एनटी' ही निराळी कसोटी आहे. टेस्ट विचारलेल्या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाचें देत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, संगणकाची विद्या म्हणजे केवळ खुणांचें पाठांतर नव्हे. प्रश्न नेमका विचारावा, कठीण अट आधीं पाहावी, आणि 'नाहीं' व 'ठाऊक नाहीं' यांत घोटाळा करूं नये, हें वळण मनाला लागलें तर तें प्रयोगशाळेंत, दुकानाच्या हिशेबांत आणि घरच्या व्यवहारांतही उपयोगीं पडेल. बातमी आली नाहीं म्हणून सर्व कुशल आहे असें समजणारा मनुष्य व एल्सवर विसंबणारा आज्ञालेख, दोघेही पुराच्या रात्रीं सारखेच फसतात.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. पातळी ४१ फूट ३ इंच असतां वरील आज्ञालेख कोणती सूचना लिहील? इंच करून दाखवा.
२. '[ ९ -जीटी ४५ ]' याचा निकालांक काय येईल? हेच दोन अंक शब्द म्हणून ताडले तर कोणता पुढचा ठरेल?
३. वरील लेखांतील तिसरी अट काढून तिची सूचना एल्सखालीं लिहिली, तर कोणत्या प्रसंगीं धोका संभवतो?
४. आपल्या शेतांतील मोटर, दूध संकलन किंवा शाळेची हजेरी यांपैकीं एक विषय घेऊन तीन अटी व एक 'ठाऊक नाहीं' अशी मांडणी मराठींत लिहा. मग ती शेलच्या भाषेंत उतरवा.